डबा

दोन महिन्यांत तीन डाएट केले. नुसती फळं चार दिवस. मग कीटो, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅमच्या आत कर्बोदकं, भाकरी बंदच. आता 16 तास उपाशी राहणं चालू होतं. आज प्रॅक्टिकलला उभ्याउभ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मैत्रिणीनं हाताला धरून बसवलं, डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. किती दिवसांनी पोटभर जेवले! 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मी महागड्या पावडरी शोधत होते. आई मंगळवेढ्याहून मालदांडी ज्वारीचं पीठ पाठवते, ते खोलीत तसंच पडून होतं. खूप वाईट वाटलं. संध्याकाळी फोन करून तिला सगळं सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "आत्ता जेवलीस का गं?"