तुम्ही विचारलंत म्हणून: वक्ते बाहेरचे, मग आपण काय करायचं?

दिवाळी झाली की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सुवार्ता सभांची, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सगळ्यांना सांगणाऱ्या तीन रात्रींच्या जाहीर सभांची, तयारी सुरू होते, आणि दर वर्षी कुणीतरी मला हे विचारतंच. यंदा लग्न होऊन नव्याने मंडळीत आलेल्या एका सुनेनं विचारलं, "काकू, वक्ते बाहेरून येणार, गाण्यांचं तरुण संघ बघणार, मांडवाचं पंच बघणार. आम्ही काय करायचं? नुसतं येऊन बसायचं?"

येऊन बसायचंच, तिन्ही रात्री. पण शेजारी कुणाला तरी घेऊन बसायचं. माझं सगळं उत्तर एवढ्यात आहे, तरी थोडं सविस्तर सांगते.

आम्ही नगरकडची माणसं. कृष्णराव सांगळ्यांनी १८६०च्या दशकात इथेच ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली. कीर्तन ऐकलेल्याला ठाऊक असतं, बुवा कितीही रसाळ असोत, मागून ध्रुपद उचलणारं कुणी नसेल तर रंग भरत नाही. सभेचंही तसंच आहे. वक्ते तीन रात्री बोलून पुढच्या गावी जातात. ज्यांच्यासाठी ते बोलतात ती माणसं मात्र आपल्या गल्लीत राहतात, आपल्याच गिरणीवर दळण आणतात. त्यांचा विश्वास वक्त्यांवर आधी बसत नाही, आपल्यावर बसतो किंवा बसत नाही.

कवी नारायण वामन टिळकांचंच घ्या. ख्रिस्ताकडे त्यांचा प्रवास सुरू झाला तो कुठल्या मांडवात नाही. राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी गोरा सहप्रवासी भेटला. त्यानं गप्पा मारल्या, कवितेवर बोलला, उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि वाचा म्हणून सांगितलं. ही १८९३ची गोष्ट. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये, मुंबईला. मधल्या काळात ते वाचत होते, वाद घालत होते, पत्रं लिहीत होते. त्या प्रवाशानं केलं ते आपल्यापैकी कुणालाही जमण्यासारखं आहे.

म्हणून सभेच्या दोन महिने आधी कामाला लागायचं. आमच्याकडे प्रत्येक घर पाच नावं लिहून घेतं. माझी यादी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली असते, म्हणजे भाकरीच्या वेळी रोज नजरेस पडते. "प्रभू, सर्वांना वाचव" अशी प्रार्थना सोपी असते. "हिच्या नवऱ्याची दारू, हिच्या मुलीचं मोडलेलं लग्न" अशी प्रार्थना करायची तर त्या घरी जावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं. केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी उज्जीवनासाठी, म्हणजे विश्वासाला नव्यानं जाग यावी म्हणून, रोज प्रार्थनेला या म्हटलं, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. उज्जीवन आलं जूनअखेर. मधले पाच महिने त्या रोज गुडघ्यांवर होत्या, हे आपण सांगताना नेहमी गाळतो.

आमंत्रण द्यायचं ते घरी जाऊन, तोंडी. पत्रक नुसतं दाराच्या फटीत सरकवून येऊ नका. सभा किती वाजता सुटेल, तिथे काय होईल, सगळं खरं सांगा. शेवटी वक्ते ख्रिस्ताला मानायला हात वर करा, पुढे या असं आवाहन करतात, पण त्याची कुणी जबरदस्ती करणार नाही हेही सांगा. पैसा, नोकरी, बरं होण्याची हमी यांतला शब्दही तोंडातून निघता कामा नये, आणि त्यांच्या देवघराबद्दल वावगं तर मुळीच बोलायचं नाही. घटनेच्या २५व्या कलमानं आपल्याला धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काची अब्रू आपल्या जिभेवर असते.

एका वर्षीची गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. पहिल्या रात्री आम्ही मंडळीचे लोक लवकर जाऊन पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसलो. सात वाजता बाहेरची माणसं आली, मांडवाच्या दोरीपाशी उभी राहिली. "या, बसा" म्हणायला कुणी उठलं नाही. मीही उठले नाही. अर्ध्या तासानं मागे वळून पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं. तेव्हापासून आमची माणसं सतरंजीवर कडेला बसतात आणि खुर्च्या पाहुण्यांसाठी राहतात. दोघी बायका फक्त लेकरं सांभाळायला असतात, कारण रडणारं पोर घेऊन आलेली आई पहिल्या गाण्यालाच उठून जाते. शेवटची एसटी चुकणार असेल तर कुणाची जीप, कुणाची मोटरसायकल, हे आधीच ठरलेलं असतं. वक्ते आवाहन करतात त्या पाच मिनिटांत पिशव्या आवरू नका, चपला शोधू नका. शेजारच्या माणसाच्या मनात त्या वेळी काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही.

आणि घरी जाताना वाटेत भाषणाची चिरफाड करू नका. पाहुण्याला एवढंच विचारा, "कसं वाटलं?" आणि ऐका.

खरं काम मांडव उतरल्यावर सुरू होतं, आणि तिथेच आपण थकतो. चौथ्या दिवशी आपण ऊस, परीक्षा, लग्नकार्य यांत बुडून जातो. ज्यांनी हात वर केला त्यांची नावं पाळकसाहेबांच्या वहीत राहतात. तसं होऊ देऊ नका. आठ दिवसांच्या आत चहाला जा. घाई करू नका. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना त्याच वाटेवर यायला जवळजवळ पाच वर्षं लागली, आणि त्या तर त्यांच्या पत्नी होत्या.

माझ्या यादीतली एक शेजारीण चार वर्षांपूर्वी दुसऱ्या रात्री आली होती. तेव्हा काही बोलली नाही. गुरुवारी दुपारी आम्ही तिच्या ओट्यावर बसून योहानाचं शुभवर्तमान वाचतो, कधी दोन ओळी, कधी अख्खा अध्याय. परवा म्हणाली, "ताई, अक्षर बारीक आहे हो, मला माझं मला वाचायचंय." मोठ्या अक्षरातली प्रत मागवली आहे. येत्या गुरुवारी घेऊन जाईन.