लाईन क्लिअर

आमच्या सोलापूर जिल्ह्यात एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते, ही गोष्ट नवीन ओळख झालेल्या माणसाला मी पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकतो. त्याने विचारलेलं नसलं तरी. सोलापूर स्टेशनात ब्रॉडगेज, होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारी मीटरगेज आणि कुर्डुवाडीला नॅरोगेज, म्हणजे बार्शी लाईट. दोन रुळांमधलं अंतर अनुक्रमे १६७६ मिलिमीटर, १००० आणि ७६२. घरच्यांचे वाढदिवस मी विसरतो, हे आकडे विसरत नाही. त्यावरून घरात काय ऐकावं लागतं ते सोडा.

हे वेड गाडीत बसायचं नव्हतं. बसायला पैसे लागायचे. वडील गिरणीत होते आणि आमचा प्रवास म्हणजे वर्षाकाठी एखादं लग्न, नाहीतर पंढरपूर. बघायला मात्र कुणी पैसे मागत नव्हतं. फलाटावर जायचं तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा, म्हणून आमचा मुक्काम मरीआई चौकाकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वे पुलावर. कठड्याच्या दगडाला पोट लावून उभं राहायचं. खालून इंजिन गेलं की वाफेचा ऊबदार ओला लोट अंगावर यायचा आणि शर्टावर कोळशाचे कण बसायचे. कुठे गेला होतास, हे आई मग विचारायचीच नाही, सरळ कॉलर बघायची.

मेलला डब्ल्यूपी जातीचं वाफेचं इंजिन लागायचं. फुगीर नाक, नाकावर चांदणी, अंगाने ऐटबाज. मालगाडीला डब्ल्यूजी. दिसायला रांगडं, पण ओढायला पक्कं. मला खरं तर डब्ल्यूजीच आवडायचं, पण पोरांत तसं बोलायची सोय नव्हती. सगळ्यांचा जीव चांदणीवर. पुढे डिझेल दिसू लागलं तेव्हा त्याला इंजिन म्हणायलाच आम्ही तयार नव्हतो. दांडा नाही, खटका नाही, सगळा कारभार पत्र्याच्या पेटीत झाकलेला. काय बघायचं त्यात? मोठेपणी कधीतरी घाटात उभ्या मालगाडीला डिझेलने हिसका देऊन हलवताना ऐकलं आणि मग थोडं नमतं घेतलं.

दादरला राहणारा एक मावसभाऊ होता. मे महिन्यात यायचा आणि आल्या दिवसापासून लोकल, लोकल. तीन-तीन मिनिटांनी गाडी, बिनधुराची, विजेवर चालणारी. वर त्याला हेही माहीत की आमचा विभाग १९६६ च्या गांधी जयंतीला मध्य रेल्वेतून काढून सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेला जोडला होता. म्हणजे सोलापूरवाले सिकंदराबादचे, असं तो चिडवायचा. (१९७७ मध्ये, पुन्हा २ ऑक्टोबरलाच, विभाग मध्य रेल्वेत परत आला. तोवर आमचं भांडणाचं वय सरत आलं होतं.) त्याच्यावर माझा एकच उतारा: तुमच्याकडे गेज किती बे? एकच की!

मीटरगेज मला जवळून दिसली ती मामामुळे. मामा होटगीला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. होटगी म्हणजे सोलापूरहून वाडीकडे जाताना लागणारं जंक्शन, त्यामुळे सुट्टीत जेवणाचा डबा पोहोचवायचं काम मी भांडून मिळवायचो. विजापूरची लाईन एकेरी. एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन्ही स्टेशनांत यंत्रं असायची, तारेने एकमेकांशी जोडलेली, आणि त्यांच्या पोटात लोखंडी गोळे. पलीकडच्या मास्तरने होकार, म्हणजे लाईन क्लिअर, दिल्याशिवाय गोळा बाहेर पडायचा नाही. एक गोळा बाहेर असला की दोन्हीकडची यंत्रं बंद. तो गोळा इकडच्या किंवा तिकडच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघणार नाही, मास्तरने कितीही हापटलं तरी. घंटा वाजायची, मास्तर दांडा फिरवायचे, आत गडगड व्हायची आणि गोळा खाली यायचा. मामा एकदा म्हणाले, "धर." हातात घेतला तर चांगला वजनदार, आणि त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. चामडी पिशवीत घालून, वेताच्या कड्याला अडकवून तो ड्रायव्हरकडे जायचा. न थांबणारी गाडी असली तर फायरमन पायरीवर ओणवा होऊन डाव्या-उजव्या हाताने देवघेव करायचा. जुनं कडं इकडे फेकायचं, नवं कोपरात अडकवून घ्यायचं. कड्याने दंड सडकून निघत असणार. पण त्यांच्यापैकी कुणाला मी कळवळताना पाहिलं नाही.

ही पद्धत मी लगेच आमच्या वाड्यात लागू केली. सहा बिऱ्हाडं, मागे बोळ, बोळाच्या टोकाला एकच संडास. बोळाच्या तोंडाशी खिळ्याला एक टमरेल टांगलं आणि जाहीर केलं की ज्याच्या हातात टमरेल त्याचीच लाईन क्लिअर. टमरेल खिळ्यावर नसेल तर बोळात पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी टमरेल घरात नेऊन ठेवलं, म्हणजे हवं तेव्हा लाईन आपलीच. रेल्वेच्या यंत्राला कुलूप का असतं, ते मला तेव्हा कळलं.

बार्शी लाईटची तऱ्हा वेगळी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही लाईन काढली, १८९७ साली. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, हा त्याचा हिशोब. म्हणजे रूळ हलके चालतात, खर्च आवरतो आणि माल तरी भरपूर जातो. हाच धडा त्याने नंतर इंग्लंडातल्या एका छोट्या लाईनवर गिरवला. बार्शीत जमलं म्हणून तिकडे नेलं, हा क्रम मला फार आवडतो. पुढे लाईन लातूरपासून पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेली. १९५४ मध्ये कंपनी जाऊन सरकार आलं, पण नाव बार्शी लाईटच राहिलं.

आम्ही आजीबरोबर पंढरपूरला जायचो तेव्हा सोलापूर ते कुर्डुवाडी मी स्टेशनं पाढ्यासारखी म्हणायचो: बाळे, पाकणी, मुंढेवाडी, मोहोळ, मलिकपेठ, अनगर, वाकाव, माढा, वडशिंगे. कुर्डुवाडीला उतरून पलीकडच्या छोट्या गाडीकडे पळायचं. डबा एवढा अरुंद की समोरच्या वारकऱ्याच्या गुडघ्याला गुडघा. त्याच्या पिशवीतल्या भाकरीचा वास आपल्याच पिशवीतून आल्यासारखा. गाडी डुलत डुलत, बाभळींना विचारत विचारत निघायची. कुणी वैतागला की आजी म्हणायची, "पांडुरंग अठ्ठावीस युगं उभा आहे. अजून तासभर उभा राहील."

२००० नंतरच्या काही वर्षांत हे सगळं ब्रॉडगेज झालं. विजापूरची लाईनही रुंद झाली. हळहळणाऱ्यांत मी आहेच, पण कुर्डुवाडीला लहान डब्यातली पोती मोठ्या डब्यात वाहणाऱ्या हमालांची पाठ मी पाहिलेली आहे. त्यांना विचारूनच हळहळावं. आता पंढरपूरला गाडी न बदलता जाता येतं, आणि आजी असती तर तिने माझ्या तिन्ही गेजांना हात जोडून थेट गाडीच धरली असती.

मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. मी बघून आलो. गाडी देखणी आहे, वेळेची आहे. पण तिला वेगळं इंजिनच नाही, त्यामुळे फलाटाच्या टोकापर्यंत चालत जाऊन नक्की काय बघायचं, हे ठरेना. मी सवयीने टोकापर्यंत गेलोच.

परवा मुलीने हैदराबादचं तिकीट काढताना विचारलं, "बाबा, खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?" मी म्हटलं, उजवीकडची. होटगी सुटलं की विजापूरचा फाटा त्या बाजूला वळतो. ती म्हणाली, "ऊन कुठून येईल ते विचारलं होतं."