आर-चॉपमधला ‘आर’

गेल्या वर्षी अण्णांच्या मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली आणि ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’, म्हणजे रोगप्रतिकारक बी-पेशींचा कर्करोग, असे निदान हाती आले, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. रिपोर्टातल्या ‘सीडी-२० पॉझिटिव्ह’ या ओळीखाली डॉक्टरांनी पेनाने रेघ ओढली आणि ‘आर-चॉप’च्या सहा सायकल द्याव्या लागतील असे सांगितले. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा सूर मात्र एकच होता: या वयात केमोचे हाल कशाला? त्या प्रश्नाने मला झोप लागेना, म्हणून मी वाचायला बसलो, आणि हाच प्रश्न पंचवीसएक वर्षांपूर्वी संशोधकांनी नेमका अण्णांच्या वयाच्या रुग्णांपुढे ठेवला होता हे मला कळले.

‘चॉप’ म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन. हा मेळ १९७०च्या दशकापासून वापरात आहे. त्याहून जहाल अशा तीन उपचारांशी अमेरिकेत त्याची तुलना केली गेली, तेव्हा १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या तिन्हींनी रुग्णांचे आयुष्य अधिक वाढवलेले दिसले नाही. औषधांचा मारा वाढवून आता काही साधणार नाही, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले होते.

वाट निघाली ती प्रतिपिंडांतून, म्हणजे ठरावीक लक्ष्य ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांतून. एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाईन यांनी १९७५ साली दाखवली. स्टॅनफर्डमध्ये रोनाल्ड लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी एका लिम्फोमाच्या रुग्णावर अशा प्रतिपिंडाने उपचार करून रोग मागे हटवला. पण ते प्रतिपिंड त्या एकाच माणसाच्या गाठीसाठी घडवलेले होते, आणि प्रत्येक रुग्णासाठी असे नवे औषध बनवणे व्यवहारात अशक्यच होते. सीडी-२० या प्रथिनाचे मोल इथे कळते. ते जवळपास प्रत्येक बी-पेशीवर असते, बहुतेक बी-पेशी लिम्फोमांवरही असते, पण अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर नसते. त्यामुळे उपचारात निरोगी बी-पेशीही मारल्या गेल्या, तरी त्या पुन्हा तयार होण्याची सोय शरीरात शिल्लक राहते. उंदराचा आणि माणसाचा अंश जोडून याच प्रथिनाविरुद्ध बनवलेले रिटुक्सिमॅब, म्हणजेच आर-चॉपमधला ‘आर’, प्रथम संथ वाढणाऱ्या, पण उलटलेल्या लिम्फोमाच्या १६६ रुग्णांना आठवड्याला एक असे चार वेळा देण्यात आले. त्यांच्यापैकी ४८ टक्के रुग्णांच्या गाठी निम्म्याहून कमी झाल्या किंवा पूर्ण विरल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

अण्णांचा आजार मात्र वेगाने वाढणारा होता, आणि त्याचे उत्तर फ्रान्समधून आले. बर्त्रां क्वाफिए यांच्या नेतृत्वाखाली ६० ते ८० वर्षे वयाचे ३९९ रुग्ण निवडण्यात आले. कोणाला केवळ चॉप द्यायचे आणि कोणाला चॉपबरोबर रिटुक्सिमॅब, हे डॉक्टरांच्या वा रुग्णाच्या इच्छेवर न ठेवता चिठ्ठी टाकावी तसे ठरवले गेले. हे वाचताना मी बराच वेळ थांबलो. डॉक्टरांना निवड करू दिली असती, तर धडधाकट रुग्णांना नवे औषध आणि खंगलेल्यांना जुने, असे नकळत घडू शकले असते, आणि मग फरक औषधाने पडला की प्रकृतीने, हे कुणालाच सांगता आले नसते. म्हणून ही रीत आवश्यक आहे, हे बुद्धीला पटते. तरीही आपल्या जिवावर बेतलेले असताना ‘माझ्या वाट्याला काय येईल ते येवो’ म्हणून सही करणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्यांतल्या १९७ जणांच्या वाट्याला जुनाच उपचार आला.

२००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ चॉप घेतलेल्यांपैकी ६३ टक्के, तर रिटुक्सिमॅबही मिळालेल्यांपैकी ७६ टक्के रुग्णांचा आजार उपचारांअखेर नाहीसा झाला होता. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५७ आणि ७० टक्के होते. नव्या औषधाने त्रासात लक्षणीय भर पडली नव्हती. दहा वर्षांनंतरही दोन गटांतले अंतर मिटले नाही. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि घरच्यांना वाचून दाखवले. त्यानंतर वयाचा विषय आमच्याकडे पुन्हा निघाला नाही.

पहिल्या सायकलच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली, कारण दबून राहिलेला तो विषाणू या औषधामुळे उसळू शकतो. डे-केअरमध्ये आधी पॅरासिटामॉलची गोळी आणि ॲलर्जीचे इंजेक्शन देऊन पंप तासाला ५० मिलिग्रॅमच्या गतीने सुरू केला गेला. पाऊण तासाने अण्णांना अशी हुडहुडी भरली की पलंगाची कडी वाजू लागली. सिस्टरांनी पंप थांबवला, दोन ब्लँकेटे घातली, आणखी एक इंजेक्शन दिले आणि म्हणाल्या, “आजोबा, घाबरू नका. पहिल्या वेळेला पुष्कळांना होतं. औषध पेशींवर काम करायला लागलंय.” अर्ध्या तासाने निम्म्या गतीने पंप पुन्हा सुरू झाला आणि बाटली संपायला संध्याकाळ झाली. पुढच्या पाच वेळांना थंडी वाजली नाही.

हे औषध आम्हाला परवडले, याचे श्रेय २००७ साली भारतात आलेल्या पहिल्या बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाबरहुकूम दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या, रिटुक्सिमॅबला आणि त्यानंतरच्या उत्पादकांनाही द्यावे लागेल. आता एका टोकाने सीडी-२० आणि दुसऱ्या टोकाने शरीराच्या संरक्षक टी-पेशी पकडून दोघांना समोरासमोर आणणारी ग्लोफिटामॅब, एप्कोरिटामॅब यांसारखी प्रतिपिंडे आली आहेत. अण्णांना त्यांची गरज पडली नाही. सहाव्या सायकलनंतरचा पेट स्कॅन स्वच्छ आला.

त्याच भेटीत एका तरुण सहायिकेने, बायोप्सीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी राखून ठेवायला संमती आहे का, असे विचारले. अण्णांनी मराठीतला तो चार पानी अर्ज मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावला. मग त्यांनी तिला एकच विचारले, “यातून माझ्या उपचारात काही बदलणार आहे का?” ती म्हणाली, “नाही, आजोबा.” त्यांनी चष्मा लावला आणि सही करण्यासाठी माझ्याकडे पेन मागितले.