आमची वाटचाल : लासलगावचा कांदा आणि दोहाची वाट

लासलगाव परिसरात आमची कांद्याची छोटी पेढी आहे. वडील मार्केट यार्डात अडतदार होते. निर्यातीचा परवाना धाकट्या भावाने आणि मी काढला. आखातात माल पाठवायचा तर सुरुवात दुबईपासून, ही इथली रीत. न्हावा-शेवाहून निघालेला रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरायचा. अल अवीरच्या मंडईतले आमचे शेठ तो सोडवून घ्यायचे आणि त्यातला बराच माल ट्रकने सौदी अरेबियातून, अबू सामराच्या नाक्यावरून कतारला पाठवायचे. कतारला जमिनीची सरहद्द ही एकच. आमचा कांदा दोहात जातो एवढं ठाऊक होतं. कोणाकडे जातो, हे शेठ सांगत नसत.

मार्च २०१४ मध्ये सौदी, अमिराती आणि बहारीनने कतारमधून राजदूत माघारी बोलावले होते. आठ महिन्यांनी ते परत गेले. त्या काळात ट्रक एक दिवसही थांबले नाहीत. त्यामुळे राजदूतांच्या रुसव्याफुगव्याचा बाजाराशी संबंध नसतो, अशी आमची खात्रीच झाली होती.

जून २०१७ उजाडला तो शेतकरी संपाने. पुणतांब्याहून सुरू झालेला संप नाशिक जिल्ह्यात कडकडीत पाळला गेला, लिलाव बंद पडले. ५ जूनला महाराष्ट्र बंद होता आणि त्याच दिवशी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. अबू सामराचा नाका बंद, आकाश बंद, बंदरं बंद. भाऊ म्हणाला, "आपलं यार्ड बंद अन् त्यांचंही."

आरोप होता दहशतवाद्यांना आसरा दिल्याचा, 'मुस्लिम ब्रदरहूड' या इस्लामी संघटनेला पोसल्याचा आणि इराणशी सलगीचा. कतारने तो फेटाळला. पुढे तेरा मागण्यांची यादी आली. त्यात कतारची अल जझीरा वाहिनी आणि तुर्कस्तानचा लष्करी तळ बंद करा, हेही होतं. मुदत दहा दिवसांची. खरं काय नि खोटं काय, ते त्यांचं त्यांना माहीत. आमची काळजी वेगळी होती: रमझानचा महिना, कतारचं जवळपास ४० टक्के अन्न त्या एका नाक्यातून येणारं, आणि आमचा माल जेबेल अलीत अडकलेला. रीफरच्या विजेचं भाडं रोज चढत होतं. शेवटी शेठनी तो दुबईतच मिळेल त्या भावाला काढला.

अशातच एका संध्याकाळी दोहाहून फोन आला. अबू हमूरच्या घाऊक मंडईतले एक मल्याळी व्यापारी. नंबर कुठून मिळाला? जाळीच्या गोणीला शिवलेल्या लेबलवरून! इतकी वर्षं शेठनी आमची आणि गिऱ्हाइकाची ओळख होऊ दिली नाही, पण आमचा नंबर लेबलावर छापलेलाच होता. त्यांनी मोडक्या हिंदीत थेट विचारलं, "हमद पोर्टला सरळ पाठवाल का?" हमद म्हणजे कतारचं बंदर.

आधी आडवाट धरली. ओमान या भांडणात नव्हता, म्हणून सोहार बंदरात माल बदलून हमदला न्यायचा. मुंद्रा आणि न्हावा-शेवा थेट हमदला जोडणारी 'इंडिया कतार एक्स्प्रेस' ही जहाजसेवा जूनमध्येच जाहीर झाली होती. पुढे तिच्यावर जागा मिळू लागली. कागदांचं काम मात्र किचकट. फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र, उत्पत्तीचा दाखला, बिल ऑफ लेडिंग (जहाजाची माल-पावती), सगळीकडे वर्षानुवर्षं दुबईचं नाव. सीएचएने, म्हणजे कस्टमचं काम पाहणाऱ्या एजंटने, ते सगळं नव्याने बसवून दिलं. पैशाचीही धास्ती होती. कतारी रियाल घ्यायला काही ठिकाणचे मनी चेंजर कुरकुरत होते. पण डॉलरला ३.६४ रियाल हा दर कतारने ढळू दिला नाही. आमचे व्यापारी निम्मे पैसे आगाऊ डॉलरमध्ये भरत, उरलेले माल उतरल्यावर. एक दमडीही बुडाली नाही.

त्यांच्या फोनवरून तिकडचं कळत राहायचं. दुधासाठी विमानाने गाई आणल्या, दुकानांत तुर्की डबे आले, भिंतींवर आणि गाड्यांवर कतारचे अमीर शेख तमीम यांचं रेखाचित्र झळकलं. ५ सप्टेंबरला हमद बंदराचं थाटात उद्घाटन झालं.

खरा मार आम्हाला कतारच्या वेढ्याने दिलाच नाही. २९ सप्टेंबर २०१९ला दिल्लीने कांदा निर्यात बंद केली. १५ मार्च २०२०ला उघडली, १४ सप्टेंबरला पुन्हा बंद. कतारची कोंडी शेजाऱ्यांनी केली, आमची आमच्याच सरकारने. दोहाच्या व्यापाऱ्याने त्या काळात पाकिस्तानचा आणि तुर्कस्तानचा कांदा घेतला. त्यांना बोल कसा लावणार? शहरातला भाव पाडायला शेतकऱ्याचा गळा धरायचा, हे धोरण आम्हाला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आमची बंदी १ जानेवारी २०२१ला उठली. ४ तारखेच्या रात्री कुवेतने सौदी-कतार सरहद्द उघडत असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सौदीतल्या अल-उला इथे समेटाचा करार झाला. त्याच आठवड्यात दुबईच्या शेठचा फोन आला: नाका उघडला, आता पहिल्यासारखं सुरू करू. शेठशी संबंध चांगलेच होते, तोडायचं कारण नव्हतं. त्यांना दुबईपुरता माल आणि डाळिंबाचे कंटेनर देऊ केले. दोहाचा कांदा न्हावा-शेवाहून थेटच जाईल, हेही सांगितलं. दरावरून दोन दिवस घासाघीस झाली आणि पहिला कंटेनर डाळिंबाचा निघाला.