राणीखेत नव्हता

"डाक्टर साहेब, राणीखेत आला जी," एवढं बोलून कोंबडीवाल्या शेतकऱ्याने फोन ठेवला. राणीखेत म्हणजे कोंबड्यांचा साथीचा विषाणू रोग. गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात असे फोन येतातच.

शेडमध्ये दोन हजार ब्रॉयलर, वय 22 दिवस. पंधरा-वीस पक्षी पाठीवर पडून पाय झाडत होते, माना मागे ओढलेल्या. मान वाकडी दिसली की आमच्याकडे कोणीही राणीखेत म्हणून मोकळा होतो. औषध दुकानदाराने तर पक्षी न बघताच राणीखेतची लस, लासोटा, पुन्हा द्यायला लावली होती.

पण घुरघुर नव्हती, हिरवी हगवण नव्हती. तीन पक्षी उघडले. श्वासनळी साफ, जठरावर रक्ताचा ठिपकाही नाही. मग कवटी उचलली. दहा मिनिटं जास्त लागतात म्हणून हे सहसा कोणी करत नाही. लहान मेंदू सुजून मऊ झालेला, वर लाल ठिपके. तिन्हींत तेच. ई जीवनसत्त्वाची कमतरता.

"दाणा दाखवा."

घरीच मिसळलेला: मका, सोयाबीनची डीओसी म्हणजे तेल काढलेली पेंड, कनकी म्हणजे तांदळाचा चुरा, आणि तांदळाचा कोंडा. व्हिटॅमिन प्रीमिक्स निम्मंच, परवडत नाही म्हणून. कनकी चांगली होती. कोंड्याचं पोतं सोडलं आणि साबणासारखा वास आला; चिमूटभर जिभेवर ठेवला, कडू. तांदूळ कांडून कोंडा निघाला की त्यातलं लायपेज नावाचं विकर लगेच तेल फोडायला लागतं, दमट हवेत तर झपाट्याने. खवट झालेलं तेल दाण्यातलं ई जीवनसत्त्व नासवतं. उकड्या तांदळाचा कोंडा टिकतो, कारण उकडताना लायपेज मरतं. हा कच्च्या तांदळाचा, महिनाभर पोत्यात पडलेला. त्यात गावच्या हलरचा, म्हणजे साध्या भात गिरणीचा, तूस मिसळलेला. तुसात सिलिका, कोंबडीला त्यातून काही मिळत नाही. मिलवाला भाव मात्र कोंड्याचा घेतो.

"कोंडा कोणी सांगितला?"

"तुमीच जी. मका महाग झाला तं दहा टक्के चालते म्हणालते."

म्हणालो होतो, उन्हाळ्यात, त्याच्याच दारात, गाडी चालू ठेवून. ताजा आणि तुसाशिवायचा, हे सांगितलं होतं का, आठवत नाही. त्याला विचारलंही नाही.

कोंडा बंद केला, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम पाण्यातून सुरू केलं. तिसऱ्या दिवसानंतर नवा पक्षी पडला नाही. आधी पडलेले बहुतेक गेले, एकूण 31. दुकानदार अजून सांगतो, लासोट्याने वाचवलं.