खाच होती, पण चिप चालत नव्हती

दुकानासाठी कार्डाची चिप वाचणारं मशीन घ्यायचं मी वर्षभर टाळत होते. कार्ड घासलं की पावती बाहेर, मग कशाला नसता खर्च? डोळे उघडले ते एका व्यवहाराचे पैसे बँकेने माझ्या खात्यातून परत काढून घेतले तेव्हा. कार्ड बनावट होतं. मूळ कार्डाला चिप होती, कुणीतरी त्याच्या काळ्या पट्टीची तेवढी नक्कल मारली होती. माझं मशीन चिप वाचणारं असतं तर व्यवहार तिथेच अडला असता, म्हणून नुकसान माझं, असा नियम. भांडून पाहिलं, उपयोग शून्य.

मग कळलं, पट्टीवरची माहिती कायम तीच असते, एकदा चोरली की चोरली. चिप मात्र दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा बनवते, तो पुन्हा वापरता येत नाही.

नवं मशीन आलं. खालच्या बाजूला झकास खाच. कार्ड घातलं, तर ढिम्म! मशीन तयार होतं, पण आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरशी त्याची जोडणी चिपसाठी अजून मंजूर झालेली नव्हती. 'अपडेट येईल' या भरवशावर सहा आठवडे खाचेवर कागद चिकटवून आम्ही घासतच राहिलो. 'मशीन चिप वाचतं का' एवढंच मी विचारलं होतं. 'माझ्या बिलिंगसकट चालू करून देणार का' हे विचारायला हवं होतं.

चिप चालू झाली आणि वायर आखूड पडली. आधी कार्ड मीच घेऊन घासायचे, आता पिन गिऱ्हाइकाने टाकायचा. पहिला आठवडा लोक काउंटरवर ओणवे होऊन बटणं दाबत होते, मागचा माणूस निवांत बघत होता. लांब वायर आणली, मशीन पलीकडे वळवलं.

सवयी मोडणं त्याहून अवघड. घासायच्या सवयीने लोक कार्ड घालून लगेच उपसायचे, व्यवहार रद्द. 'राहू द्या, राहू द्या' म्हणून माझा घसा बसला. उलट काही जण कार्ड मशीनमध्येच विसरून जायचे.

चिपचं कार्ड घासलं तर मशीन 'चिप वापरा' म्हणून अडवतं. पट्टीवर तीन आकडी कोड असतो, त्यातला पहिला आकडा २ किंवा ६ असला की कार्डाला चिप आहे हे मशीनला कळतं. पण चिप वाचता आली नाही, तर काही प्रयत्नांनंतर आमचं मशीन घासू देतं. मदतनीस पोराने हे बरोबर हेरलं. गर्दी झाली की पठ्ठ्या कार्ड मुद्दाम उलटं घालायचा, तीनदा, आणि मग घासून मोकळा! म्हणजे मी पुन्हा होते तिथेच.

पावतीवर कार्ड कसं वाचलं ते छापून येतं. रात्री हिशेब लावताना घासलेले व्यवहार आता मी वेगळे काढते. परवा एकच निघाला, आणि त्या कार्डाची चिप खरंच चिरलेली होती.