बोर्दोत तीन दिवस: लेकीच्या जन्मवर्षाची बाटली शोधताना

पिंपळगाव बसवंतला आमच्या मळ्यात ‘बोर्डो’ म्हणजे द्राक्षांवर फवारायचं, ड्रममधलं निळं पाणी. मोरचूद एका बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत, मग दोन्ही एकत्र. माझे वडील, अण्णा, त्यात घासून लखलखीत केलेला विळा बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, “चुना कमी पडला, अजून घाल.” हे फ्रान्समधल्या एका शहराचं, बोर्दोचं, नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नवरा आणि मी त्या शहरात तीन दिवस राहून आलो. आम्ही श्टुटगार्टला राहतो. जुनी इमारत, प्रत्येक घराला तळघरात एक थंड खोली. लेक 2013 ची, 2031 मध्ये अठराची होईल. तोवर टिकतील अशा वाइनच्या बारा बाटल्या तळघरात ठेवायच्या, एवढाच बेत. प्रश्न होता कोणत्या वर्षीच्या द्राक्षांच्या.

पॅरिसहून बोर्दोला वेगवान गाडीने दोन तासांच्या थोडं वर लागतात. मात्र जर्मनीहून येणाऱ्यांची गाडी गार द लेस्तला थांबते आणि बोर्दोची गाडी मोंपार्नासहून सुटते. मध्ये मेट्रोची चार नंबरची लाइन थेट आहे. सामानासकट तासभर हाताशी ठेवा.

पहिल्या संध्याकाळी ग्रां थिएत्रसमोरच्या लँतांदाँ या दुकानात गेलो. मधोमध गोल जिना, भिंतींना लागून बाटल्या, आणि जसजसं वर चढावं तसतसा भाव चढत जातो. 1961 आणि 1982 या गाजलेल्या वर्षांच्या बाटल्या वरच्या टोकाला, नुसत्या बघण्यापुरत्या. मी मात्र 2013 ची लाल वाइन शोधत होते. दुसऱ्या एका छोट्या दुकानातल्या बाईंनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, “अठरा वर्षं ठेवण्यासाठी हे वर्ष घेऊ नका.” वाईट वाटलं. पण कारण ऐकल्यावर द्राक्षवाल्याच्या मुलीला ते पटलंच. त्या वर्षी वसंत गार आणि ओला गेला, फुलोऱ्यात गळ झाली, मणी कमी धरले आणि काढणीच्या तोंडावर कूज शिरली. वाइन करणाऱ्या बऱ्याच घरांनी पूर्ण पिकण्याची वाट न बघता माल तोडला. अशी वाइन हलकी होते. लवकर पिण्यात मजा, ठेवण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घेऊन लाल वाइनच्या मेदोक टापूत गेलो. शहरातून उत्तरेला डी-2 हा रस्ता मार्गो, सँ-ज्युलियाँ, पोयाक ही गावं करत जातो. दोन्ही बाजूंना बागा आणि मध्येच झिरोंद खाडीचं रुंद, गढूळ पाणी. एका बागेच्या कडेला थांबून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

“अगं, एवढी बुटकी? मांडव कुठंय?”

“मांडव नाही अण्णा. कमरेएवढीच ठेवतात. हेक्टरी दहा हजार झाडं.”

“म्हणजे एकरी चार हजार! आपली नऊ बाय पाच फुटांवर हजारसुद्धा नाहीत. आणि ठिबक?”

ठिबकही नाही. फळ देणाऱ्या बागेला पाणी द्यायला तिथे सहसा परवानगीच नसते. पायाखाली बोराएवढे, लिंबाएवढे गुळगुळीत खडे, मुळं ओलीच्या शोधात खोल जाणारी. वाइनच्या जगात वर्षाला एवढं महत्त्व का, ते मला तिथे उभ्याने कळलं. आपण पावसाळा चुकवून छाटणी घेतो आणि कोरड्या दिवसांत माल काढतो. तिथे जे पडेल तेवढंच पाणी, आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाच्या टांगणीवर. एप्रिलचा कडाका वेगळाच. 2017 आणि 2021 साली कोवळे फुटवे जळाले, लोकांनी रात्रभर बागांत मेणबत्त्या पेटवल्या. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत आपण शेकोट्या करतो, अगदी तसंच.

तेवढ्यात ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून चालणारा उंच ट्रॅक्टर फवारणी करत आला. पानांवर निळसर ठिपके. अण्णा लगेच म्हणाले, “डाऊनीची भीती दिसतेय.” डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. त्यावरचा हा बोर्डोचा उपाय सापडला तोही याच टापूत. 1880 च्या दशकात सँ-ज्युलियाँकडे रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. त्याच वेली डाऊनीतून वाचलेल्या मिलार्दे या प्राध्यापकांना दिसल्या आणि 1885 मध्ये मिश्रण जगापुढे आलं. आमच्या ड्रमचं माहेर बघून मला भरून आलं.

आता वर्षांची तुलना. सँ-ज्युलियाँमधल्या एकाच शातोची, म्हणजे वाइन करणाऱ्या एकाच घराची, 2009, 2010 आणि 2016 आम्ही शेजारी-शेजारी चाखली. असंच चाखा. घर बदललं की फरक वर्षाचा की जमिनीचा, ते कळत नाही. 2009 उन्हाळी वर्ष, मऊ, गोडसर पिकलेलं फळ, आजच छान लागतं. 2010 कोरडं, पण रात्री गार, त्यामुळे आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही ठासून. जांभूळ खाऊन बी चघळली की जीभ आवळते ना, तसं. मला तेच सर्वांत आवडलं, पण भाव 2016 पेक्षा बराच चढा होता. 2016 मध्ये उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत भरपूर पाऊस, मग लांबलेला कोरडा उन्हाळा आणि गार रात्री. तुरटपणा आहे, पण रेशमी. फळ अजून मागे दडलेलं. दहा-वीस वर्षांसाठी ठेवायची लाल वाइन घ्यायची तर माझं मत 2016 ला. ज्यांना आत्ता प्यायची आहे त्यांनी 2014 शोधावं. गार ऑगस्टमुळे त्या वर्षाचं फार नाव झालं नाही, पण सप्टेंबरच्या उन्हाने ते सावरलं, आणि भाव अजून जमिनीवर आहेत. 2018, 2019, 2020 आणि 2022 चीही कीर्ती आहे, पण एवढ्या तरुण वाइनचं मोल मला घोटभरात ठरवता येत नाही.

एक चूक मात्र झाली. एका शातोला आम्ही वेळ न ठरवता गेलो आणि बंद फाटकासमोरून परतलो. तीन-चार आठवडे आधी ईमेल करा, दुपारी बारा ते दोन आणि शनिवार-रविवार गृहीत धरू नका. चाखलेलं थुंकायची भांडी असतात, लाजू नका. चालवणाऱ्याने तर थुंकावंच. आणि बाटल्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका, मेच्या उन्हातही गाडी तापते.

तिसऱ्या दिवशी त्या दुकानातल्या बाईंच्या सांगण्यावरून आग्नेयेला सोतेर्न या गोड वाइनच्या टापूत गेलो. तिथे सिरों नावाची गार नदी गारोनला मिळते, शरदात सकाळी धुकं दाटतं, आणि बोट्रायटिस बुरशी पिकल्या मण्यांवर चढते. आमच्याकडे ही बुरशी दिसली की घरात कोणी नीट जेवत नाही. तिथे तिचीच वाट बघतात. मणी सुकतो, साखर दाटते, आणि मजूर त्याच बागेत पुन्हा पुन्हा फिरून तेवढेच मणी वेचतात. लाल वाइनला नडलेलं 2013 इथे चांगलं गेलं होतं. अशी गोड वाइन दशकानुदशकं टिकते. ग्लासात जुन्या मधाचा रंग, वास संत्र्याच्या सालीचा, आणि शेवटी आंबटाचा असा झटका की गोडी चिकटत नाही. लेकीचं वर्ष सापडलं.

शेवटी घेतल्या त्या 2016 च्या मेदोकच्या सहा, 2014 च्या तीन आणि 2013 सोतेर्नच्या तीन. युरोपातल्या युरोपात घरच्यासाठी नेताना अडचण आली नाही. भारतात नेणाऱ्यांना माणशी दोन लिटर करमुक्त, म्हणजे दोनच बाटल्या, त्याही चेक-इन सामानात. ठेवायची जागा बारा-तेरा अंशांची, अंधारी, थोडी दमट हवी, आणि बूच ओलं राहावं म्हणून बाटल्या आडव्या. आमच्या तळघरात बॉयलरच्या बाजूची भिंत टाळली. नाशिक-पुण्यात वाइनच्या फ्रिजशिवाय आणि इन्व्हर्टरशिवाय वीस वर्षांचा बेत करू नका, एप्रिलच्या एका लोडशेडिंगात सगळं जाईल.

सोतेर्न सर्वांत खालच्या फळीवर आहे. लेकीने स्वतः फळीवर खडूने 2031 लिहिलं.